स्वाती दांडेकर: नागपूरच्या मुलीची आयोवातली आमदारकी

मक्याचं_रान (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

दिवाळीत नागपूरला फोन केला तेव्हा नववीतल्या भाच्याने विचारलं, "मावशी, तुमच्याकडे आमदार असतात का गं? बातम्यांत तर नुसते राष्ट्राध्यक्षच दिसतात." म्हटलं, असतात की, आणि आमच्या शेजारच्या गावची आमदार तर तुझ्याच नागपूरची होती. त्याला खरं वाटेना. त्याला सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की इथे अमेरिकेत वीस-वीस वर्षं राहिलेल्या आपल्या लोकांनाही स्वाती दांडेकरांबद्दल "पहिल्या भारतीय" या दोन शब्दांपलीकडे फारसं ठाऊक नसतं. म्हणून हा धागा. लांब होणार आहे, सवडीने वाचा.

जन्म १९५१, नागपूर. नागपूर विद्यापीठातून जीवशास्त्र-रसायनशास्त्रात बी.एस्सी., मग मुंबई विद्यापीठाची आहारशास्त्रातली पदविका. १९७३ साली त्या अमेरिकेतल्या आयोवा राज्यात आल्या आणि मॅरियनमध्ये स्थिरावल्या. मॅरियन म्हणजे सीडर रॅपिड्सला चिकटून असलेलं गाव. मी सीडर रॅपिड्सला राहते. कुठे एक गाव संपतं आणि दुसरं सुरू होतं ते पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. गावाबाहेर पडलं की मका, नाहीतर सोयाबीन. सत्तरच्या दशकात इथे भारतीय घरं बोटांवर मोजण्याइतकी असणार.

त्यांची सुरुवात झाली ती शाळेपासून. १९९६ साली त्या लिन-मार शाळा-जिल्ह्याच्या स्कूल बोर्डावर निवडून आल्या. इथलं स्कूल बोर्ड म्हणजे शाळेची पालक समिती नव्हे. एका भागातल्या सगळ्या सरकारी शाळांचा तो लोकांनी निवडलेला कारभारी असतो. अंदाजपत्रक, मालमत्ता करातला शाळांचा वाटा, मुख्य अधिकाऱ्याची नेमणूक, नवी इमारत कुठे बांधायची, कोणत्या वस्तीची मुलं कोणत्या शाळेत जायची, सगळं तिथे ठरतं. आयोवात या कामाला पगार नाही. संध्याकाळी बैठका, समोर चिडलेले पालक, टेबलावर जाडजूड फायली. सहा वर्षं त्यांनी हे केलं. आमदारकीची खरी शाळा हीच, असं मला मनापासून वाटतं. शाळांना राज्याकडून किती पैसे येतात आणि का कमी पडतात, हे ज्याने सहा वर्षं मोजलंय त्याला विधिमंडळात पहिल्या दिवशी कुणी चकवू शकत नाही.

२००२ साली त्या डेमोक्रॅटिक पक्षाकडून राज्याच्या प्रतिनिधिगृहासाठी (विधिमंडळाचं खालचं सभागृह) उभ्या राहिल्या, मतदारसंघ क्र. ३६. प्रचार ऐन भरात असताना प्रतिस्पर्धी उमेदवाराचा एक ईमेल बाहेर आला. आशय असा: मी इथे आयोवात राष्ट्रध्वजाची शपथ म्हणत वाढले, या बाई भारतात जातिव्यवस्थेत वाढल्या, त्यांना इथले कायदे करण्याची तयारी कशी असणार? मजकूर वर्तमानपत्रांत छापून आला, खुद्द त्या उमेदवाराच्या पक्षानेही हात झटकले. नोव्हेंबरमध्ये दांडेकर निवडून आल्या. २००४ आणि २००६ मध्येही. ज्या मतदारांनी सहा वर्षं त्यांना शाळेच्या बैठकांत पाहिलं होतं त्यांना तो ईमेल वाचून काय वाटलं असेल, याचा मी अनेकदा विचार करते. परकी बाई कोण? ज्यांनी आपल्या मुलांच्या शाळेचा हिशेब तपासला त्या?

२००८ च्या जूनमध्ये सीडर नदीला पूर आला. ते मी डोळ्यांनी पाहिलं. १३ जूनला पाणी ३१ फुटांच्या वर गेलं. नदीतल्या बेटावर महापालिकेची इमारत आणि न्यायालय होतं, ते बुडालं. पाणी ओसरल्यावर घरांच्या दारांवर रंगीत कागद लागले. हिरवा म्हणजे राहायला हरकत नाही, पिवळा म्हणजे जपून आत जा, लाल म्हणजे असुरक्षित, जांभळा म्हणजे आत पाऊलही टाकायचं नाही. माझ्या एका सहकारिणीच्या दारावर जांभळा होता. तिला घरातून आईचा फोटोसुद्धा आणता आला नाही. मॅरियन उंचावर असल्यामुळे वाचलं, पण पुढची दोन-तीन वर्षं या सगळ्या भागाच्या आमदारांपुढे पूर हाच विषय होता: घरं विकत कोण घेणार, पैसे केंद्राचे किती, राज्याचे किती, अर्ज कुठे अडलाय. त्याच नोव्हेंबरात दांडेकर राज्याच्या सिनेटवर, म्हणजे वरच्या सभागृहावर, निवडून गेल्या, मतदारसंघ क्र. १८. ही जागा त्याआधी मेरी लंडबी या रिपब्लिकन नेत्यांकडे होती. म्हणजे दुसऱ्या पक्षाची जागा जिंकून त्या गेल्या.

२०११ मध्ये रिपब्लिकन राज्यपाल टेरी ब्रॅन्स्टॅड यांनी त्यांना राज्याच्या वीज-गॅस नियामक मंडळावर नेमलं आणि त्यांनी सिनेटचा राजीनामा दिला. यावरून काय रणकंदन झालं ते प्रतिसादांत येईलच. २०१३ साली ते मंडळ सोडून त्या अमेरिकी काँग्रेसच्या (म्हणजे देशाच्या संसदेच्या) उमेदवारीसाठी उभ्या राहिल्या. २०१४ च्या जूनमधल्या पक्षांतर्गत निवडणुकीत पाच जणांत त्या मागे पडल्या आणि उमेदवारी राज्य प्रतिनिधिगृहाचे माजी सभापती पॅट मर्फी यांना मिळाली. २०१५ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्यांचं नाव आशियाई विकास बँकेतल्या अमेरिकेच्या कार्यकारी संचालकपदासाठी सुचवलं. पद राजदूताच्या दर्जाचं, कचेरी मनिलाला. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सिनेटने मंजुरी दिली.

नागपूर, मॅरियन, डे मॉइन (आयोवाची राजधानी), मनिला. पण मला या सगळ्यात सर्वांत जास्त आदर वाटतो तो १९९६ ते २००२ या सहा वर्षांचा.

---

वऱ्हाडी_माणूस

ताई, वाचून ऊर भरून आला बाप्पा! आमच्या नागपूरची पोरगी एवढी मोठी झाली आणि आमाले पत्ताच नाही. काही गोष्टी विचारतो, राग मानू नका. तिकडच्या आमदाराला पगार किती असतो? गाडी, बंगला, पीए? आणि एका आमदाराच्या मागे लोक किती? आमच्याकडे आमदार म्हणजे तालुक्याचा राजाच असतो, म्हणून विचारून राहिलो.

---

मक्याचं_रान

राग कसला दादा. हेच तर सांगायचं होतं.

आयोवाच्या प्रतिनिधिगृहात १०० सदस्य, मुदत दोन वर्षं. सिनेटमध्ये ५०, मुदत चार वर्षं. राज्याची लोकसंख्या सुमारे ३२ लाख. म्हणजे एका प्रतिनिधीमागे ३०-३२ हजार लोक. महाराष्ट्रात २८८ आमदार आणि लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ११ कोटींच्या वर. एकेका आमदारामागे चार लाखांच्या आसपास माणसं येतात. इथला आमदार आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावच्या सरपंचाइतक्या लोकांचा प्रतिनिधी असतो.

पगार वर्षाला २५ हजार डॉलर, शिवाय अधिवेशनाच्या दिवसांचा भत्ता. त्यावर इथे घर चालत नाही. म्हणून आमदार शेतकरी असतात, शिक्षक असतात, विम्याचे एजंट असतात, निवृत्त असतात. अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होतं आणि साधारण वसंत ऋतूत संपतं. बंगला नाही. बहुतेक सदस्यांना स्वतंत्र खोलीसुद्धा नाही. सभागृहातलं लाकडी डेस्क हीच कचेरी, आणि मदतीला एक कारकून. मी मुलीच्या शाळेच्या सहलीबरोबर डे मॉइनला गेले होते तेव्हा गॅलरीतून पाहिलं. एक आमदार डेस्कवर डबा खात होत्या, शेजारी कागदांचा ढीग, मागे एका लाकडी खुर्चीवर त्यांचा कारकून. बाहेर पितळी कठड्यापाशी लोक उभे होते. कुणाला आमदाराला भेटायचं असेल तर दारावरच्या माणसाकडे चिठ्ठी द्यायची, तो आत नेऊन देतो, आमदार बाहेर येतात. एक म्हातारे शेतकरी टोपी हातात धरून उभे होते. पाच मिनिटांत त्यांचे आमदार आले, खांद्यावर हात ठेवला, आणि दोघं जिन्याच्या पायरीवर बसून बोलू लागले. वर सोन्याचा मुलामा दिलेला घुमट, खाली पायरीवर हे दोघं. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मॅरियनहून डे मॉइन गाडीने दोन तास. जानेवारीत बर्फ असताना त्याहून जास्त.

---

चेसापीक

उत्तम धागा. पगाराच्या मुद्द्याला जोडून सांगतो, प्रत्येक राज्याचं गणित निराळं. न्यू हॅम्पशायरच्या प्रतिनिधिगृहात ४०० सदस्य आणि मानधन वर्षाला १०० डॉलर. टेक्सासमध्ये ७,२०० डॉलर आणि अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, १४० दिवसांचं. न्यूयॉर्कमध्ये मात्र १ लाख ४२ हजार. सगळी राज्यं मिळून सुमारे ७,४०० आमदार आहेत देशात. त्यामुळे "अमेरिकेतला आमदार" असं एक काही चित्र काढता येत नाही.

आता आमच्या मेरिलँडबद्दल. मराठी आडनावाचा विषय निघालाच आहे तर कुमार बर्वेंना विसरून चालणार नाही. १९९० साली ते मेरिलँडच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या विधिमंडळात निवडून गेलेले ते पहिले भारतीय वंशाचे सदस्य. जन्म इथलाच, न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीचा, शिक्षणाने हिशेबनीस. मतदारसंघ १७, म्हणजे रॉकव्हिल आणि गेथर्सबर्ग. २००३ पासून २०१५ पर्यंत ते बहुमतातल्या पक्षाचे सभागृहनेते होते, नंतर पर्यावरण आणि वाहतूक समितीचे अध्यक्ष. २०१६ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारीसाठी उभे राहिले, ती जेमी रॅस्किन यांना मिळाली. ३२ वर्षं एकाच सभागृहात. मी त्यांच्याच मतदारसंघात राहतो. आमच्याकडे एका मतदारसंघातून तीन सदस्य निवडतात, त्यामुळे मतपत्रिकेवर तीन नावांपुढे खुणा करायच्या असतात. त्यातली एक वर्षानुवर्षं "बर्वे" होती. आईला इथे आल्यावर बर्वेंच्या प्रचाराची पाटी दाखवली तेव्हा तिने रस्त्याच्या कडेला गाडी थांबवायला लावली आणि पाटीसोबत फोटो काढून घेतला.

---

जुनी_वही

धागा आवडला, पण एक दुरुस्ती करते. २००२ मध्ये बऱ्याच वर्तमानपत्रांनी दांडेकरांना "विधिमंडळात निवडून आलेल्या पहिल्या भारतात जन्मलेल्या महिला" म्हटलं, आणि आपल्या मंडळांच्या अंकांतही तेच छापलं जातं. ते बरोबर नाही. त्यांच्याआधी १९९४ साली वायोमिंगच्या प्रतिनिधिगृहात निमी मॅकॉनिगली निवडून आल्या होत्या. कॅस्पर गावच्या, रिपब्लिकन पक्षाच्या, जन्म मद्रासचा. लग्नानंतरचं आडनाव आयरिश असल्यामुळे यादी करणाऱ्यांच्या नजरेतून सुटल्या असाव्यात.

दांडेकरांचं काम याने तसूभरही कमी होत नाही. पण पहिलेपणाचा मान ज्या बाईंचा आहे तो त्यांना मिळायला हवा.

---

मक्याचं_रान

जुनी_वही, मनापासून आभार. म्हणूनच मूळ लेखात मी तो शब्द अवतरणात ठेवला होता, पण मॅकॉनिगलींचं नाव मला माहीत नव्हतं. भाच्याला आजच सांगते.

---

पूर्वेचा_वारा

मला कौतुकाच्या सुरात सूर मिळवता येत नाही, क्षमस्व. मी तेव्हा आयोवा सिटीला शिकत होतो आणि डेमोक्रॅटिक पक्षासाठी फोन करायचो. २०११ चा राजीनामा तुम्ही एका वाक्यात उरकलात. तो तसा उरकण्यासारखा नाही.

तेव्हाची स्थिती आठवा. २०१० च्या निवडणुकीत प्रतिनिधिगृह गेलं, राज्यपालपद गेलं. राज्यात डेमोक्रॅट्सच्या हातात उरलं फक्त सिनेट, तेही २६ विरुद्ध २४. दांडेकर गेल्या की २५-२४, आणि पोटनिवडणूक हरली की २५-२५. एका माणसाच्या नोकरीपायी अख्ख्या राज्याचा समतोल पणाला लागला. मतदारांनी त्यांना चार वर्षांसाठी पाठवलं होतं, त्या तीन वर्षं पुरी व्हायच्या आधी निघून गेल्या. राज्यपालांनी ही नेमणूक कशासाठी केली हे काय त्यांना कळलं नसेल? मला त्या वेळी फार वाईट वाटलं होतं. आपल्यातल्या कुणी असं केलं याचं जास्तच.

---

मक्याचं_रान

तुमचं म्हणणं मी खोडून काढत नाही. तेव्हा आमच्याकडेही घराघरात हेच बोललं जात होतं. पण दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

एक, त्या नियामक मंडळावर तीन सदस्य असतात आणि एकाच पक्षाचे दोनाहून जास्त चालत नाहीत असा नियम होता. म्हणजे रिपब्लिकन राज्यपालांनाही कधी ना कधी पक्षाबाहेरचं माणूस शोधावंच लागतं. दोन, ते पद शोभेचं नाही. वीज कंपनीने दर वाढवून मागितला की तो द्यायचा की नाही, किती द्यायचा, नवी वाहिनी कुणाच्या शेतातून न्यायची, हे तीन माणसं ठरवतात. आयोवात आज निम्म्याहून जास्त वीज वाऱ्याची आहे. पवनचक्क्या उभ्या राहण्याच्या त्या काळात या मंडळावर कोण बसलंय याला महत्त्व होतंच.

तरी पण, मुदतीच्या मध्यात जाणं मलाही टोचलं होतं. मी त्यांच्या जागी असते तर? नाही सांगता येत.

---

दोन_चहा

मी इथे क्वचित लिहितो. पण पूर्वेचा_वारा यांनी २०११ चा विषय काढला आणि मला राहवलं नाही.

मी आणि माझा जोडीदार तेव्हा डे मॉइनला होतो. आमचं लग्न २०१० साली झालं, तिथल्याच न्यायालयात. आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने ३ एप्रिल २००९ रोजी एकमताने निकाल दिला होता, व्हार्नम खटल्यात, समलिंगी लग्नांना परवानगी देणारा, म्हणून ते होऊ शकलं. माझे आई-बाबा साताऱ्याहून आले नव्हते. नंतर आले, ते निराळं. २०१० च्या नोव्हेंबरात त्या निकालातल्या तीन न्यायमूर्तींना मतदारांनी मतदान करून घरी पाठवलं. आमच्या लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. त्यानंतर राज्यघटनेत दुरुस्ती करून निकाल फिरवायचा प्रयत्न सुरू झाला. प्रतिनिधिगृहात ठराव मंजूर झाला. सिनेटमध्ये बहुमतातल्या पक्षाचे नेते माइक ग्रॉन्स्टल यांनी तो मतदानाला येऊच दिला नाही. २६ विरुद्ध २४ मधलं ते २६ म्हणजे आमच्यासाठी काय होतं हे मी शब्दांत सांगू शकत नाही.

आणि मग सप्टेंबरमध्ये बातमी आली की मॅरियनची जागा रिकामी झाली. आडनाव दांडेकर. माझा जोडीदार मराठी नाही. त्याने मला विचारलं, "तुझ्या ओळखीच्या आहेत का त्या? तू फोन करू शकतोस का?" ओळखीच्या कुठल्या!

पुढचे सात आठवडे आम्ही कामावरून आलो की स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मॅरियनच्या मतदारांना फोन लावायचो. दोन कप चहा, छापील यादी, प्रत्येक नावापुढे खूण. काही लोक फोन आपटायचे. एका आजींनी सांगितलं, "बाळा, माझं मत मी आधीच टाकलंय, तू आता जेव." लिझ मॅथिस उमेदवार होत्या, टीव्हीवरच्या बातम्यांमुळे घराघरात माहीत असलेल्या. ८ नोव्हेंबरच्या रात्री त्या जिंकल्या. चांगल्या फरकाने जिंकल्या. आम्ही दोघं स्वयंपाकघरातच उभ्याने रडलो.

दांडेकरांवर माझा राग नाही. त्यांचा निर्णय त्यांचा. पण एका राज्यातल्या एका गावची एक जागा माझ्या घराच्या दारापर्यंत येऊ शकते, हे मला त्या सात आठवड्यांनी शिकवलं.

---

वऱ्हाडी_माणूस

दोन_चहा, भाऊ, तुमचं वाचून गहिवरून आलं. आई-बाबा नंतर आले हे वाचून लय बरं वाटलं.

---

पूर्वेचा_वारा

दोन_चहा, आभार. आपण दोघं बहुधा एकाच यादीतले फोन लावत होतो.

---

चेसापीक

नियामक मंडळाचं वाचून एक विलक्षण योग लक्षात आला. आमचे बर्वेही २०२३ मध्ये सभागृह सोडून मेरिलँडच्या याच प्रकारच्या आयोगावर गेले, राज्यपाल वेस मूर यांनी नेमलं म्हणून. एक आयोवातल्या, एक मेरिलँडचे, दोघांची वाट विधिमंडळातून विजेच्या आयोगाकडे. एकाने तिथे जायला ३२ वर्षं घेतली, दुसऱ्यांनी नऊच्या आत.

या आयोगांकडे आपले लोक ढुंकूनही पाहत नाहीत. मी एकदा दरवाढीच्या सार्वजनिक सुनावणीला गेलो होतो. सभागृहात शंभर खुर्च्या, माणसं जेमतेम पंधरा. प्रत्येकाला बोलायला काही मिनिटं. एक निवृत्त नर्स बिलं घेऊन आल्या होत्या, वर्षभराची, तारखेप्रमाणे लावलेली. त्यांनी एकेक वाचून दाखवलं आणि खाली बसल्या. समोरच्या आयुक्तांपैकी एक जण ते आकडे लिहून घेत होते.

---

बेळगावी_कुंदा

आमच्या भागाचं नाव राहू नये म्हणून लिहिते. श्री ठाणेदार (श्री हे त्यांचं नावच) बेळगाव भागातले. २०१८ ला मिशिगनच्या राज्यपालपदाच्या उमेदवारीसाठी स्वतःचे बक्कळ पैसे घालून उभे राहिले, हरले. मग २०२० ला डेट्रॉइटमधून राज्याच्या प्रतिनिधिगृहात, आणि २०२२ ला थेट काँग्रेसमध्ये. एकच टर्म आमदारकीची. दांडेकरांचा रस्ता शाळेपासून, यांचा व्यवसायापासून. मला स्वतःला पहिला रस्ता जास्त भावतो, पण बेळगावच्या मराठी शाळेत शिकलेल्या कुणी वॉशिंग्टनला शपथ घेतली की डोळ्यांत पाणी येतंच.

केंटकीत निमा कुलकर्णी आहेत, लुईव्हिलच्या. स्थलांतराच्या कायद्याच्या वकील, २०१८ ला निवडून आल्या. त्या राज्याच्या विधिमंडळातल्या पहिल्या भारतीय वंशाच्या सदस्य.

---

पायरी_पायरी

मी एका राज्य प्रतिनिधीच्या प्रचारात सलग दोन शरद ऋतू दारोदार फिरले आहे (कोण, कुठे ते सांगत नाही). ३० हजार लोकसंख्येचा आकडा मक्याचं_रान यांनी दिला, त्याचा अर्थ पायांना कळतो, म्हणून सांगते.

३० हजार लोक म्हणजे साधारण बारा-तेरा हजार घरं. त्यातली दर वेळी मतदान करणारी आणि कुंपणावरची (मत कुणाला द्यायचं ते न ठरवलेली) घरं निवडली की चार-पाच हजार उरतात. उमेदवार स्वतः जून ते ऑक्टोबर रोज संध्याकाळी निघाला तर एवढी दारं खरंच वाजवू शकतो. काँग्रेसच्या उमेदवाराला हे जन्मात जमणार नाही. म्हणून तिथे जाहिराती, इथे पाय.

काय काय शिकले! पत्रक टपालपेटीत टाकायचं नाही, तो केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे. दाराच्या कडीत नाहीतर पायपुसण्याखाली. बेल वाजवली की दोन पावलं मागे सरकून उभं राहायचं, म्हणजे आतल्या माणसाला धास्ती वाटत नाही. हिरवळीवरून आडवं जायचं नाही, फरसबंदीवरूनच जायचं. कुणी बोलू लागलं की ऐकायचं. एका घरी एक काका चाळीस मिनिटं रस्त्यावरच्या एका खड्ड्याबद्दल बोलले. खड्डा महापालिकेचा होता, राज्याचा नव्हे. उमेदवाराने तिथेच उभं राहून महापालिकेच्या माणसाला फोन लावला. आठवड्याने खड्डा बुजला. मतदानाच्या दिवशी ते काका केंद्रावर दिसले तेव्हा त्यांनी मला लांबूनच हात केला.

माझा उच्चार ऐकून एक-दोघांनी "तू कुठली?" असं विचारलं, परकं ठरवण्याच्या सुरात. मी रस्त्याचं नाव सांगायचे. "इथलीच, तिकडच्या वळणावर." २००२ चा तो ईमेल वाचून मला तीच दारं आठवली.

---

नवी_पाटी

मी हा धागा दोन रात्री वाचतेय. आम्ही इलिनॉयला असतो. मुलगा तिसरीत. यंदा आमच्या वस्तीचा बसथांबा हलवून मोठ्या रस्त्याच्या पलीकडे नेला, तिथे सिग्नल नाही. मुलं रोज सकाळी अंधारात रस्ता ओलांडतात. शाळेच्या कचेरीला तीन ईमेल केले, तिन्ही वेळा तेच छापील उत्तर आलं. मी नवऱ्याला म्हटलं, आपलं कोण ऐकणार, आपण तर अजून नागरिकही नाही. स्कूल बोर्डाच्या बैठकीत नागरिक नसलेल्यांना बोलता येतं का हो?

---

मक्याचं_रान

नवी_पाटी, येतं! मत देता येत नाही, उभं राहता येत नाही, पण बोलता येतं. बैठका सगळ्यांना खुल्या असतात आणि लोकांनी बोलण्यासाठी वेळ राखून ठेवलेला असतो. तुमच्या शाळा-जिल्ह्याच्या संकेतस्थळावर कार्यक्रमपत्रिका असेल, त्यात नाव कसं नोंदवायचं ते दिलेलं असतं. तुमच्यासारख्या कहाण्या ऐकत बसणं हेच बोर्डावरच्या माणसांचं काम आहे. मॅरियनच्या बोर्डावर दांडेकर सहा वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसल्या होत्या. तुम्ही या बाजूने सुरुवात करा.

---

पायरी_पायरी

फोटो काढून न्या. सकाळी पावणेसातचा, अंधारातला, गाड्यांच्या दिव्यांसकट. आणि शेजारच्या दोन-तीन आयांना सोबत न्या. सगळ्यांनी बोलायला हवं असं नाही, तुम्ही बोलताना नुसत्या उभ्या राहिल्या तरी पुरे.

---

नवी_पाटी

नाव नोंदवलं. सोमवारी संध्याकाळी सात वाजता बैठक आहे, तीन मिनिटं मिळणार आहेत. शेजारची मेक्सिकन आई येतेय, आणि समोरच्या इमारतीतले आजोबा, त्यांची नात त्याच बसने जाते. आज सकाळी फोटो काढले. एकात माझा मुलगा दप्तर सावरत दुभाजकावर थांबलाय आणि दोन्ही बाजूंनी ट्रक चाललेत. बोलायचं ते मराठीत लिहून काढलंय, आता इंग्रजीत उतरवतेय. सोमवारी रात्री इथे लिहीन.